चक्रलक्षणिका गुडूची : वनस्पतींतील जलवहन, वर्गीकरण आणि वैद्याचा द्रव्यपरिचय

भावप्रकाश निघंटूत गुडूचीस अमृता, मधुपर्णी, छिन्नरुहा, वत्सादनी, तंत्रिका, कुंडली, चक्रलक्षणिका अशी अनेक पर्यायनामे दिलेली आहेत. विद्यार्थिदशेत ही नावे आपण सर्वांनी मुखोद्गत केली. परंतु त्यांपैकी किती नावांचा अर्थ आपण प्रत्यक्ष वेलीवर पडताळून पाहिला? ‘चक्रलक्षणिका’ हे नाव वेलीचे खोड आडवे कापल्यावर दिसणाऱ्या चक्रावरून आले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ते चक्र तेथे का असते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर वनस्पती जमिनीतील पाणी पानांपर्यंत कसे नेते, या मूलभूत प्रक्रियेत दडलेले आहे. ती प्रक्रिया एकदा समजली, की द्रव्याची ओळख, संग्रहाचा काळ आणि संग्रहाची रीत या तिन्ही बाबी एकाच सूत्रात गुंफता येतात. प्रस्तुत लेखात याच सूत्राचा ऊहापोह करण्याचा मानस आहे.

हा विषय केवळ पाठ्यपुस्तकी नाही. कोविड महासाथीच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी झाला. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तांत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी सेवन केलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, याची शहानिशा त्या अभ्यासात झाली नसल्याचे मंत्रालयाचे म्हणणे होते. अशा प्रसंगी सर्वप्रथम ‘वनस्पती कोणती होती?’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्याचे सामर्थ्य वैद्याजवळ असावयास हवे.

चतुर्विध औद्भिद आणि आधुनिक कुल

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औद्भिद द्रव्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यांना फूल न दिसता फळ येते ते वनस्पती, फूल व फळ दोन्ही येतात ते वानस्पत्य, फळ पिकताच ज्यांचे जीवन संपते त्या औषधी आणि ज्या पसरतात, वेटोळे घालीत चढतात त्या वीरुध. सुश्रुताचार्यांचे वर्गीकरणही याच धाटणीचे असून त्यांनी वानस्पत्याच्या जागी वृक्ष हा शब्द योजला आहे.

हे वर्गीकरण उघड्या डोळ्यांच्या निरीक्षणावर उभे आहे व त्या मर्यादेत ते अत्यंत नेमके आहे. वड, पिंपळ, उंबर यांना फुले दिसत नाहीत हे खरेच आहे. उंबराचे कोवळे फळ फोडून भिंगाखाली पाहिल्यास आतील पोकळीत शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली आढळतात. ज्यास आपण फळ म्हणतो तो वस्तुतः फुलांचा बंदिस्त गुच्छ असतो. आधुनिक शास्त्राने या तिन्ही वृक्षांना फायकस या एकाच प्रजातीत घातले, त्याचे कारणही हीच बंदिस्त पुष्परचना होय.

दुसरे वर्गीकरण कर्मानुसार आहे. चरकाचार्यांच्या पन्नास महाकषायांत गुडूची वयःस्थापन, तृष्णानिग्रहण, तृप्तिघ्न अशा अनेक गटांत येते. सुश्रुताचार्यांच्या गुडूच्यादि गणात गुडूची, निंब, धणे, चंदन व पद्मक ही पाच द्रव्ये एकत्र आहेत. आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही पाच द्रव्ये पाच वेगवेगळ्या कुलांतील आहेत. वेल, वृक्ष, वर्षायू रोप, अर्धपरोपजीवी वृक्ष आणि गुलाबाच्या कुलातील वृक्ष अशी ही विजोड मंडळी आहे. यात विसंगती काहीच नाही. गण हा चिकित्सेतील सहकाऱ्यांचा समूह असतो, तर कुल हा वंशातील भाऊबंदांचा समूह असतो. एकाच्या कामी दुसरा येत नाही.

गुडूचीचे खरे भाऊबंद कोण, असे विचारल्यास पाठा म्हणजे पहाडमूळ आणि आपल्या कुंपणांवर सर्रास आढळणारी वासनवेल ही नावे घ्यावी लागतील. मेनिस्पर्मेसी या कुलनामाचा अर्थच चंद्राकृती बीज असा होतो. वेलीसारखी वाढ, नर व मादी फुले निरनिराळ्या वेलींवर येणे आणि फळातील वक्र बाठ ही या कुलाची ठळक लक्षणे होत. गुडूचीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे असून कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाकृती पानांची.

द्विपद नामाची ही पद्धत लिनियसने १७५३ मध्ये रूढ केली. तिची आवश्यकता आपल्या निघंटूंवरूनच पटते. भावप्रकाशात ‘जीवंती’ हा गुडूचीचा पर्याय आहे आणि जीवंती नावाची स्वतंत्र वनस्पतीही आहे. ‘अमृता’ हे नाव गुडूचीचे आहे, तसेच हरीतकीचेही आहे. संदर्भ जाणणाऱ्या गुरूसमोर बसलेल्या शिष्याचा यात गोंधळ होत नसे. परंतु जडीबुटीच्या बाजारात द्रव्य दहा हातांतून फिरते, तेथे संदर्भ टिकत नाही. तेथे एका वनस्पतीस एकच नाव असावे लागते. पुष्परचनेवर आधारलेल्या कुलरचनेत १९९८ पासून जनुकीय पुराव्यांनुसार मोठे बदल झाले. आपल्या पदवी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत शतावरी व कुमारी एकाच लिलिएसी कुलात होत्या. आता शतावरीचे व कुमारीचे कुल वेगळे झालेले आहे. जुने पुस्तक हाताशी ठेवताना एवढे भान असावे.

पाणी वर कसे चढते?

वृक्षास पादप म्हणतात, म्हणजे पायाने पिणारा. महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात वृक्षांच्या सजीवत्वाची चर्चा आहे. कमळाच्या देठाने तोंडाने पाणी वर ओढावे तसा वृक्ष वायूच्या साह्याने मुळांनी पाणी पितो, अशा आशयाचा दृष्टांत तेथे येतो. हा दृष्टांत म्हणजे आधुनिक सिद्धांत नव्हे आणि तसा दावा करणे योग्यही नाही. परंतु पाणी खालून ढकलले जात नसून वरून ओढले जाते, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते व ती विचारात घेण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात घडते ते असे. मुळांच्या टोकांशी असलेली अतिसूक्ष्म मूलरोमे मातीच्या कणांमधील पाणी शोषतात. ते मुळाच्या गाभ्यातील जलवाहिन्यांत पोहोचते. ज्यांना आपण शालेय विज्ञानात झायलम म्हणून शिकलो त्याच या नलिका होत. त्यांचे वैशिष्ट्य असे, की पूर्ण वाढ झाल्यावर त्यांतील पेशी मृत होतात, आतील जीवद्रव्य नष्ट होते आणि कठीण भिंतींची पोकळ नळी तेवढी उरते. मुळापासून पानाच्या शिरेपर्यंत पाण्याचा एक अखंड स्तंभ या नळ्यांत असतो. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पंच्याण्णवाहून अधिक पाणी असे हवेत जाते. बाहेर पडणारा प्रत्येक थेंब आपल्यामागील थेंबास ओढतो, कारण पाण्याचे कण परस्परांना घट्ट धरून असतात. डिक्सन व जॉली यांनी १८९४ मध्ये हा विचार मांडला व आज तोच सर्वमान्य आहे.

हवा काढून घेऊन पंपाने पाणी वर खेचू गेल्यास ते सुमारे दहा मीटरच्या वर चढत नाही, हे सर्वज्ञात आहे. अमेरिकेतील रेडवुड वृक्ष मात्र शंभर मीटरहून उंच वाढतात आणि त्यांच्या शेंड्यालाही पाणी पोहोचते. पाण्याच्या स्तंभातील ही ओढ नसती तर ते शक्य झाले नसते. मुळांचा दाबही असतो, पण तो अल्प असतो. पहाटे अळूच्या किंवा गवताच्या पात्यांच्या टोकाशी जे थेंब दिसतात ते पुष्कळदा दव नसून मुळांच्या दाबाने बाहेर आलेले पाणी असते.

येथे आपल्या शास्त्रातील स्रोतसांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जलवाहिन्यांना उदकवह आणि अन्नरस नेणाऱ्या रसवाहिन्यांना रसवह स्रोतस म्हणण्याचा मोह होतो. समजण्यापुरते हे साम्य उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. रसवह स्रोतसांचे मूल हृदय आहे. वृक्षास हृदय नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वृक्षाच्या अंतर्भागातील जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी वर ढकलतात असे मत मांडले व १९२३ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. परंतु ते मत टिकले नाही. त्यापूर्वीच स्ट्रासबर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने कापलेल्या वृक्षांना विषारी द्रावण पाजून दाखविले होते, की वाटेतील जिवंत पेशी मेल्या तरी द्रव वर चढतच राहतो. पाणी वाहून नेण्याचे काम मृत नळ्या करतात आणि त्यासाठी लागणारी शक्ती सूर्य पुरवितो.

मुळे मात्र जिवंत असावी लागतात व त्यांना श्वास घ्यावा लागतो. आपल्या जवळा बाजार परिसराच्या काळ्या जमिनीत अतिवृष्टीनंतर शेतात पाणी साचून राहिले, की पिके पाण्यात उभी असूनही माना टाकतात. वाफसा आल्यावाचून पीक सावरत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मातीतील हवा संपल्याने मुळे गुदमरतात व पाणी घेण्याचे थांबवितात, हे त्यामागील कारण होय.

ते चक्र म्हणजे काय?

आता गुडूचीकडे वळू. बोटाएवढ्या जाडीचे ताजे खोड धारदार सुरीने आडवे कापावे. मध्यापासून परिघाकडे जाणारे आरे आणि दोन आऱ्यांमधील पाचरीच्या आकाराचे सच्छिद्र भाग स्पष्ट दिसतात. ती सच्छिद्र पाचर म्हणजे जलवाहिन्यांचा समूह होय. आरे म्हणजे मृदू पेशींचे रुंद किरण. साग, निंब अशा वृक्षांत हे किरण इतके बारीक असतात, की लाकूड एकसंध भासते. गुडूचीत ते रुंद राहतात व जलवाहिन्यांचे समूह एकमेकांपासून अलग राहतात. त्यामुळे खोड पिळले, वाकले तरी दोर जसा तुटत नाही तशी वेल तुटत नाही.

पाचरीतील छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, हेही सकारण आहे. वेलीचे खोड बारीक असते, पण तिला मोठ्या वृक्षाच्या शेंड्यापर्यंत पसरलेल्या पानांना पाणी पुरवायचे असते. नळीची त्रिज्या दुप्पट केली असता त्याच दाबाखाली वाहणारे पाणी सोळापट होते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यामुळे थोड्या पण रुंद नळ्या ठेवून वेल आपले काम भागविते. हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे पाने असलेली ताजी फांदी लाल शाईच्या पाण्यात काही तास उभी ठेवावी व नंतर वर कापून पाहावी. शाळेत तेरड्याच्या रोपावर आपण हाच प्रयोग केलेला असतो.

आऱ्यांतील मृदू पेशींमध्ये वेलीने पिष्टाचा साठा केलेला असतो. गुडूचीसत्त्व म्हणून आपण जे वापरतो ते हेच. ताजे खोड कुटून पाण्यात कोळले, की पिष्ट तळाशी बसते. कापलेल्या खोडावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यास पिष्ट असलेला भाग निळाकाळा होतो. मात्र या परीक्षेची मर्यादा ध्यानात ठेवावी. बाजारातील सत्त्वात तांदळाचे किंवा बटाट्याचे पिष्ट मिसळलेले असले तरी आयोडीन तोच रंग दाखवील. भेसळ ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टकणांचा आकार पाहावा लागतो.

‘छिन्नरुहा’ या नावाचा उलगडाही येथेच होतो. वेल जमिनीलगत तोडली तरी वरचा भाग लगेच मरत नाही. जाड खोडातील पाणी व पिष्ट यांच्या आधारे तो तग धरतो आणि दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सोडतो. ती जमिनीस टेकली, की तुटलेला जलमार्ग पुन्हा जोडला जातो. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर पेरांसह कापलेले तुकडे लावले असता वेल सहज लागते. अशी लागवड केलेली सर्व रोपे मूळ वेलीच्याच लिंगाची राहतात. बी हवे असल्यास नर व मादी दोन्ही वेली जवळ असाव्या लागतात.

एका निंबावरील तीन वनस्पती

वर्गीकरण आणि जलवहन यांचा संबंध पाहावयाचा असेल तर बांधावरचा एखादा जुना निंब पाहावा. त्यावर गुळवेल, बांडगूळ आणि अमरवेल या तिन्ही वनस्पती आढळू शकतात. लोकांच्या दृष्टीने तिन्ही ‘झाडावरच्या’ वनस्पती होत. परंतु पाणी कोठून येते हे विचारताच तिघींचे मार्ग वेगळे होतात.

गुळवेलीस स्वतःची मुळे आहेत, हिरवी पाने आहेत. ती निंबाचा केवळ आधार घेते व त्याच्या शरीरात शिरत नाही. बांडगुळास हिरवी पाने असतात, त्यामुळे ते अन्न स्वतः बनविते. परंतु जमिनीत मूळ नसल्याने ते आपले शोषकमूळ फांदीत घुसवून वृक्षाच्या जलवाहिन्यांतील पाणी घेते. म्हणून ते अर्धपरोपजीवी होय. अमरवेलीस पानेही नाहीत. ती पाण्यासोबत रसवाहिन्यांतील तयार अन्नही घेते, म्हणून ती पूर्ण परोपजीवी ठरते.

निंबावरील गुडूची श्रेष्ठ मानण्याची आपल्याकडे परंपरा आहे. निंबाचा रस वेलीत उतरतो, असे त्याचे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. वर सांगितलेली रचना पाहता हे स्पष्टीकरण स्वीकारता येत नाही, कारण दोहोंच्या जलवाहिन्या जोडलेल्याच नसतात. परंपरेस अन्य आधार असू शकेल. तो शोधावा, पण चुकीचे कारण रुग्णांसमोर मांडू नये. याउलट बांडगुळाच्या बाबतीत आश्रयवृक्षाचा विचार अटळ आहे. विषारी वृक्षावरील बांडगूळ औषधार्थ घेताना सावधगिरी हवी, हे त्याच्या जलमार्गावरूनच सिद्ध होते.

त्वक्, सार आणि संग्रहकाल

पाने सूर्यप्रकाशात जे अन्न बनवितात ते रसवाहिन्यांतून मुळे, कंद, फळे अशा ठिकाणी जाते. या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात, तर जलवाहिन्या सालीच्या आत, लाकडात असतात. वृक्षाची साल सर्व बाजूंनी वलयाकार काढली असता पाणी वर जातच राहते आणि काही काळ वृक्ष हिरवा दिसतो. परंतु अन्न खाली उतरत नाही. मुळे उपाशी राहतात आणि अखेर संपूर्ण वृक्ष वाळतो. इटालियन वैद्य मालपिघी याने सतराव्या शतकातच अशी वलये कापून वलयाच्या वरील भाग फुगतो हे पाहिले होते.

अर्जुनसादड्याच्या सालीस आज मोठी मागणी आहे. नदीनाल्यांच्या काठचे अनेक अर्जुनवृक्ष बुंध्याभोवती साल ओरबाडल्याने वाळून जातात. साल घ्यावयाचीच असेल तर एका बाजूने, उभ्या अरुंद पट्टीत आणि आतील लाकडास इजा न करता घ्यावी, किंवा छाटलेल्या फांद्यांची घ्यावी. जखम भरून येईपर्यंत त्या वृक्षास पुन्हा हात लावू नये. वलयाकार काढलेली साल हे त्या वृक्षाचे शेवटचे औषध ठरते.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात संग्रहाचा काळ सांगितला आहे. नवी पालवी व फांद्या वर्षा आणि वसंतात, पाने झडल्यावर किंवा पक्व झाल्यावर मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे त्या त्या ऋतूत घ्यावीत. सुश्रुताचार्य भूमिप्रविभागीय अध्यायात अन्य मत नोंदवून केवळ ऋतूंवर नव्हे, तर द्रव्याच्या सौम्य-आग्नेय स्वभावावर भर देतात. अन्नरसाच्या मार्गाचा विचार केल्यास चरकोक्त क्रमातील अनेक गोष्टी उलगडतात. पाने कार्यरत असतात तोवर अन्न बनत राहते. ती झडू लागतात तेव्हा अन्न मुळांत साठलेले असते. पालवी फुटताच तोच साठा वर खर्च होतो. म्हणून पानगळीनंतर व नव्या पालवीपूर्वी मूळ घ्यावयाचे.

साराचेही तसेच आहे. वृक्षाचे वय वाढते तसतसे आतील लाकडातून पाणी वाहणे बंद होते आणि त्या रिकाम्या नळ्यांत राळ, कषाय द्रव्ये, रंगद्रव्ये साठतात. खैर, चंदन, बिबळा यांचे औषधी सार ते हेच. पाणी फक्त बाहेरच्या कोवळ्या लाकडातून चढते. त्यामुळे आतून पोकळ झालेली जुनी चिंच हिरवीगार राहते, पण साल सोललेली तरुण चिंच मरते.

गुडूचीच्या बाबतीत आयुर्वेदिक फार्माकोपियात खोडाचा संग्रह उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात करावा असे सांगितले आहे. त्या वेळी वेलीची पाने बहुधा झडलेली असतात आणि साठा खोडात असतो. शार्ङ्गधराने तर गुडूची सदैव आर्द्र वापरावयाच्या द्रव्यांत गणली आहे. म्हणजे ग्रामीण वैद्याच्या दारी वेल असणे ही हौस नसून शास्त्राज्ञा आहे.

हळद : आपल्या परिसरातील धडा

हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो आणि वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. जवळा बाजारच्या आसपासच्या शिवारातही हळदीचे पीक घेतले जाते. हरिद्रेचा जो भाग आपण वापरतो तो मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे. त्यावर पेरे असतात, डोळे असतात आणि डोळ्यांतून नवे कोंब येतात. खऱ्या मुळावर असे डोळे नसतात. जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे ही शेतकऱ्याची नावे त्या खोडाच्या शाखांचीच होत. 

हळद कापून पाहिल्यास चक्र दिसत नाही. तिच्यात वाहिन्यांचे समूह ठिपक्यांसारखे सर्वत्र विखुरलेले असतात, कारण ती एकदल वनस्पती आहे. गुडूची द्विदल गटाच्या बाजूची. म्हणजे एका आडव्या कापावरून वनस्पतीच्या मोठ्या विभागाचा अंदाज बांधता येतो.

हळद साधारण आठ-नऊ महिन्यांनी, पाला पिवळा पडून वाळल्यावर काढतात. शास्त्राने कंदासाठी शरद ऋतू सांगितला आहे, तर हळद काढली जाते शिशिर-वसंतात. यात विरोध मानण्याचे कारण नाही. ओलिताखालील पिकाची पाने अधिक काळ हिरवी राहतात. नियमामागील तत्त्व कंदात साठा पूर्ण होण्याचे आहे आणि शेतकरी वाळलेल्या पाल्यावरून तेच ओळखतो.

गुळवेल नव्हे ती गुळवेल

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येऊ. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुडूचीचीच प्रजातिभगिनी आग्नेय आशियात व ईशान्य भारतात आढळते. यकृतास अपायकारक ठरू शकत असल्याने आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये दोहोंतील भेद जाहीर केला. एकाच प्रजातीतील असल्याने दोहोंचे खोड कापले असता चक्र दिसते आणि दोन्ही कडू असतात. म्हणून केवळ चक्र पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. पुढील लक्षणे एकत्र पाहावीत.

१. खोड : गुडूचीचे खोड हिरवट, वर पातळ पापुद्रा व श्वासरंध्रांचे ठिपके असलेले असते. क्रिस्पाचे खोड करडे व ठळक गाठींनी भरलेले असते.

२. स्राव : गुडूचीच्या खोडातून दुधट स्राव येत नाही, क्रिस्पात येतो.

३. फूल : गुडूचीस सहा पाकळ्या, क्रिस्पास तीन.

४. फळ : गुडूचीची फळे गोल व लाल, क्रिस्पाची लांबट व नारिंगी.

या चारही लक्षणांसाठी जिवंत वेल समोर असावी लागते. चूर्णात यांपैकी एकही लक्षण उरत नाही. शंका आल्यास पान, खोड व शक्य तर फुलाफळासह नमुना दाबून, वाळवून पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संस्थेकडून ओळख पक्की करून घ्यावी.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. भारतातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खरी गुळवेल घेणाऱ्यांतही, विशेषतः स्वयंप्रतिरक्षी प्रकृतीच्या रुग्णांत, यकृतशोथ उद्भवू शकतो असे मत संशोधकांनी मांडले. म्हणून ओळख चुकली एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. यकृतविकाराचा किंवा स्वयंप्रतिरक्षी व्याधीचा इतिहास विचारणे, मात्रा व कालावधी ठरवून देणे, कावीळ, अरुची अथवा गडद मूत्र दिसताच द्रव्य थांबवून तपासणी करणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. परंतु ही चर्चा सन्मानाने करण्याची पहिली अट म्हणजे दिलेली वनस्पती कोणती होती हे छातीठोकपणे सांगता येणे.

समारोप

चरकाचार्यांनी औषधींची नावे व रूपे गुराख्यांना, वनवाशांना ठाऊक असतात असे म्हटले असून खरा तत्त्वज्ञ त्यांच्या योजनेचे ज्ञान असणाराच मानला आहे. तथापि नाव व रूप हे त्या ज्ञानाचे पहिले पाऊल आहे. आज गुराख्याजवळील ते ज्ञान लोपत चालले आहे आणि वैद्याने ते बाजाराच्या स्वाधीन केले आहे. ते परत मिळविण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दारातील एक वेल, एक धारदार सुरी, एक भिंग आणि स्थानिक वनस्पतींची नोंदवही एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. प्रत्येक वैद्याने आपल्या पंचक्रोशीतील निदान पंचवीस औषधी वनस्पतींची स्थानिक नाव, संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, कुल, फुलण्याचा काळ व संग्रहाचा काळ अशी नोंद करावी. पर्यायनामे पाठ असतातच, ती वेलीवर पडताळून पाहिली म्हणजे निघंटूतील शब्द पुन्हा बोलके होतात.

इत्यलम्.